चालून कमावलेला घास

मामी,

साष्टांग नमस्कार. पोट आडवं येतं म्हणून साष्टांग काही नीट जमत नाही, जेवढा जमला तेवढा गोड मानून घ्या.

नांदेडच्या डायलिसिस सेंटरच्या बाकड्यावर बसून लिहितोय. बसून म्हणजे काय, दोन ओळी झाल्या की उठतो, जिन्यापर्यंत जातो, परत येतो. समोरच्या बाई मघापासून बघून राहिल्यात. त्यांना वाटत असेल, ह्याचं पेशंट लई सिरीयस दिसतंय. आत तुमची वंदी मशीनला लावलीय. अजून तीन तास तरी लागतील. पुस्तक हातात घेतलं, मिटलं. मोबाईल काढला, ठेवला. शेवटी दुकानातली एक कोरी वही होती पिशवीत, ती काढली. म्हटलं, तुम्हालाच लिहावं.

परवा अवसेला येळवस झाली मामी. तुमच्याशिवायची पहिली. आम्ही दोघं औश्याला गेलो होतो, तुमच्या शेतात. आणि तिथं तुमच्या लेकीनं मला असं काही विचारलं की मी सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडलो. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. कुणाला सांगू? बालाजीला सांगितलं तर तो आधीच हळवा, बहिणीचं नाव काढलं की डोळे भरतात त्याचे. आमच्या पोरीची, अनूची बारावी, ती लातूरला होस्टेलवर, तिला काय सांगायचं? राहिलात तुम्ही. आणि खरं बोलू का? रागावू नका, पण ह्या सगळ्याची सुरुवात तुम्हीच करून दिलीय!

आठवतेय का माझी पहिली येळवस? नवा जावई. आमच्या नांदेडकडं ह्या सणाचं एवढं काही नसतं. मी आपला इस्त्रीची पँट घालून आलो. बघतो तर सगळं गाव शेतात! कडब्याची कोप, आत चुन्यानं पांढरे केलेले पाच दगडांचे पांडव, बाया डोक्यावर टोपल्या घेऊन बांधाबांधानं चाललेल्या. तुम्ही भाज्या-दाण्यांची पातळ भज्जी वाढली, बाजरीचे उंडे वाढले, वर ताकाची अंबील. मी आपलं पोट धरून उठलो, तोवर शेजारच्या भीमअण्णांनी हाळी दिली, "पाव्हणं, इकडं या की!"

मी तुमच्याकडं बघून हळूच म्हणालो, "मामी, आत्ताच जेवलोय, आता घास उतरणार नाही."

तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात. "जावई, बांध ओलांडला की मागचं जेवण जिरलं. आमच्यात असंच असतंय. चाला, उतरतंय बघा."

आणि उतरलं की हो! भीमअण्णांकडं जेवलो, त्यांच्या पलीकडं जेवलो, विहिरीपलीकडं जेवलो. संध्याकाळी तुम्ही सगळ्या बायांना कौतुकानं सांगत होतात, माझा जावई कुणाला न्हाई म्हणत न्हाई. त्या दिवशी मला वाटलं होतं, काय सासुरवाड मिळालीय! चालायचं आणि खायचं, खायचं आणि चालायचं. माणसानं ह्यापेक्षा जास्त काय मागावं?

लग्नातल्या फोटोत माझी मान दिसते मामी. खरंच दिसते. आता वंदी म्हणते, ही मान कुणाची आहे? रेडिमेडच्या दुकानात दिवसभर बसून धंदा. गिऱ्हाईक आलं की नुसत्या नजरेनं त्याची कंबर ओळखतो, स्वतःची मात्र वीस वर्षं दिसली नाही. तुम्ही तर कधी बघितलीच नाही. मी आलो की तुमचं एकच, "किती वाळलाव!" मी! वाळलो!

मग वंदीचे पाय सुजायला लागले. आधी वाटलं, दुकानातनं घरी, घरातनं दुकानात, उभं राहून होत असेल. मग डोळ्यांखाली सूज, मग उलट्या, मग तपासण्या. दोन्ही किडन्या गेलेल्या. आम्ही औश्याला आलो तो दिवस तुम्हाला आठवत असेल. तुम्ही चुलीपुढनं उठलात आणि म्हणालात, "माझं काढा आन् लावा तिला. मला काय करायचंय आता ठेवून?" डॉक्टरांनी तुमचं वय बघितलं, तुमची शुगर बघितली आणि नाही म्हणून सांगितलं. बालाजीचं रक्त जुळलं नाही. त्या रात्री तो पोरगा जेवला नव्हता.

आणि मग तुम्ही मला विचारलंत.

कधी विचारलंत मामी? जेवताना! सगळे पंगतीला बसलेले, हातात भाताची वाटी, आणि वाढता वाढता, भात घेता का म्हणून विचारावं तसं म्हणालात, "गोविंदराव, तुमी हाव न्हवं?"

मी म्हणालो, "हाव मामी."

तुमचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. तुम्ही पाठ फिरवलीत, पदरात तोंड घातलंत, खांदे हलत होते. मग परत वळलात आणि मला आणखी एक वाटी भात वाढलात. बालाजीनं माझे पाय धरले. मला अवघडल्यासारखं झालं, मी म्हणालो, अरे ऊठ, त्यात काय एवढं! वंदी स्वयंपाकघरात होती. भांडी घासल्याचा आवाज थांबला होता, एवढं आठवतंय.

सगळ्या तपासण्या जुळल्या. हैदराबादचे डॉक्टर म्हणाले, तुमची किडनी एकदम मस्त, पण ह्या वजनावर आम्ही हात लावणार नाही. दहा किलो उतरवा आणि या, तारीख देतो.

दहा किलो! मला वाटलं, त्यात काय? चाललं की झालं. अनूनं तिच्या आवडीनं मला एक घड्याळ घेऊन दिलं, मनगटाला बांधायचं, किती चाललो, किती जळालं ते सांगतं. पहाटे उठायला लागलो. स्टेडियमवर चालणाऱ्यांची एक टोळी होतीच. पहिल्या महिन्यात बरंच उतरलं की! हैदराबादला शाबासकी मिळाली. तुम्ही फोनवर पेढे वाटायला निघाला होतात.

मग मला ते घड्याळ कळलं मामी. तिथंच घोळ झाला. चालून झालं की घड्याळ सांगायचं, आज एवढं जळालं. माझ्या डोक्यात लगेच उतरायचं, म्हणजे एवढं खायला मोकळा! तुमचा बांध आला बघा नांदेडच्या स्टेडियमवर. एक फेरी जास्त मारली, की मुरमुऱ्याचा सुशीला आणि वर शेव. दोन जास्त मारल्या, की भज्याची प्लेट. टोळीतले सगळे तसेच. आमचं चालणं कुठं संपायचं? भज्याच्या गाड्यापाशी! आणि चोरी केल्यासारखं नाही हं, अगदी हक्कानं खायचो. घाम गाळलाय ना आपण? मग? दुकानात कपड्यांच्या घड्या घातल्या तरी हात हलतात म्हणून घड्याळ पावलं मोजतं, हे कळल्यावर तर विचारूच नका. बसल्या जागी घड्या घालायचो, मोडायचो, परत घालायचो, आणि दुपारी कचोरी मागवायचो.

दुसऱ्यांदा हैदराबादला गेलो, काटा जागचा हलला नव्हता. तिसऱ्यांदा गेलो, वाढला होता!

तिथल्या आहारवाल्या बाई, जाड चष्म्याच्या, हैदराबादी बोलणाऱ्या, त्यांनी मला विचारलं, काय काय करता दिवसभर? मी छाती फुगवून चालण्याचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाईसाब, चलना सेहत के वास्ते है. पेट में और जगा करने के वास्ते नई." मी हसलो. वंदी हसली नाही.

तुम्ही रोज संध्याकाळी फोन करायचात. "किती उतरलं, जावई?" आणि मी काही बोलायच्या आत, "जेवलाव का?" असं दोन्ही एका दमात कुणी विचारतं का मामी? मी काय उत्तर द्यायचं? आणि भाद्रपदात एक दिवस फोन आला तो बालाजीचा. दुपारी जेवून आडव्या झालात, त्या उठल्याच नाहीत. एवढी घाई कसली होती? लेकीचं होईस्तोवर तरी थांबायचं होतं. मी चिडलोय तुमच्यावर, हे सांगून ठेवतो.

तर परवाचं.

वंदी म्हणाली होती, नको जाऊया, मला तिथं काय आहे? खरंच काय आहे तिला? पाणी दिवसभराचं मापून. डाळ जपून, पालेभाजी उकळून पाणी फेकून. केळी नाही. अर्धापूरच्या रस्त्यानं गाडी गेली की ती काचेकडं तोंड करून बसते, एवढी केळी आवडायची तिला. अंबील तर विचारायलाच नको. पण बालाजीची बायको मनीषा फोनवर रडली, ताई, आई नाहीत, तुम्ही पण नाही आलात तर कोप रिकामी वाटेल. मग गेलो.

पूजा झाली. मनीषानं अगदी तुमच्यासारखी भज्जी केली होती, मी बोट चाटून बघितलं आणि मला एकदम भरून आलं. वंदीला दोन चमचे दिले चवीपुरते. ती कोपीच्या सावलीत बसली, थर्मासमधला बर्फाचा एक खडा तोंडात धरून. मी जेवलो. पोटभर जेवलो. तुमची आठवण काढून जेवलो, मग त्यात वजन कुठं आलं?

मग भीमअण्णांची हाळी. म्हातारा आता काठीवर आलाय, पण आवाज तोच. "वंदीच्या आईचा जावई हाय, रिकामा कसा जाऊ देऊ?" गेलो. तिथनं पुढं गेलो. हरभऱ्याच्या कडेनं, ज्वारीच्या कडेनं, बांधावर बांध. जो तो तुमचं नाव घेऊन वाढत होता मामी. तुमच्या नावाचा उंडा मी नको कसा म्हणू? मध्येच घड्याळ मनगटावर थरथरलं, आजचं चालणं पूर्ण झालं म्हणून अभिनंदन करून राहिलं होतं. मला लई आनंद झाला. तसाच परत आलो आणि वंदीपुढं हात धरला. "बघ, केवढं चाललोय! आज खाल्लेलं सगळं वसूल."

तिनं घड्याळाकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. तोंडातला बर्फ संपला होता.

"मी घोट मोजून पिते," ती म्हणाली, "आन् तुमी बांध मोजून खाता."

मी म्हणालो, अगं, सणाचं...

"सणाचं न्हाई. रोजचं हाय. मला दिसतं की. सदऱ्याला भज्याचा वास येतो." मग आवाज खाली केला तिनं. मनीषा भांडी आवरत होती, ती हळूच बाजूला झाली. "एक विचारते. खरं सांगा. तुमी भ्यालाव का?"

मला काही कळलंच नाही आधी.

"आपरेशनला भ्यालाव का? भ्यालाव तर सांगा. मी काय म्हणणार न्हाई. आईनं पंगतीत विचारलं, तुमी हाव म्हणालाव, मला ठाव हाय ते कसं झालं. न्हाई म्हणायचं असंल तर तोंडानं म्हणा. पण हे असं खाऊन खाऊन पुढं ढकलू नका. मी वाट बघायलेय हो."

आणि मी ओरडलो. "काहीतरीच काय बोलायलीस! रोज पहाटे उठून मरमर चालतो ते कुणासाठी?" अख्खं शेत वळून बघायला लागलं. भीमअण्णा काठी टेकत उभे राहिले. बालाजी धावत आला. वंदी उठली, साडीला लागलेला कडबा झटकला आणि गाडीत जाऊन बसली.

औश्यापासून लातूर, लातूरपासून अहमदपूर, पुढं लोहा, पार नांदेड येईपर्यंत मी गाडी हाकत राहिलो. एवढ्या लांबच्या रस्त्यात मी एकदाही चहाला थांबलो नाही, ह्यावरूनच समजा. घरी आल्यावर तिनं माझं अंथरूण नेहमीसारखं घातलं. सकाळी चालायला गेलो नाही. काल नाही, आज नाही. गेलो तर काय म्हणून जाऊ? माझं चालणं म्हणजे काय आहे ते तिनं बोलून दाखवलंय आता.

आत्ता परत जिन्यापर्यंत जाऊन आलो. सिस्टर म्हणाल्या, काका, बसा की जरा. बसलोय.

मामी, ती म्हणाली ते खरं आहे का, हेच दोन दिवस स्वतःला विचारतोय. तुम्हाला सांगतो, तुम्हाला काय लपवायचं? आहे. भ्यालोय मी. लई भ्यालोय. आजवर मी दवाखान्यात एक रात्र काढली नाही, साधी सुई टोचली तरी तोंड फिरवतो. आम्ही दोघं एकाच वेळी आत, बाहेर अनू एकटी, हे डोळ्यांपुढं आलं की पोटात खड्डा पडतो. आणि मग त्या खड्ड्यात मी भजी टाकतो, दुसरं काय! माझी आत्या म्हणाली होती, कमावता पुरुष असून कुठं देतोस, बायका देतात नवऱ्याला, उलटं कुणी केलंय का? मी तिच्याशी भांडलो. पण ते वाक्य डोक्यातनं काही गेलं नाही. काटा खाली गेला की तारीख जवळ येते. काटा वर गेला की तारीख लांब जाते. हे मला पहाटेच्या फेऱ्यांमध्ये कधी कळलं असेल का? कळलं असेल मामी. कळल्याशिवाय का माणूस बसल्या जागी शर्टाच्या घड्या घालून मोडतो?

आणि ती तिकडं वाट बघून राहिलीय. दर वेळी मशीनवरनं उठली की थोडी आणखी वाळलेली. माझं दहा किलो उतरता उतरत नाही आणि तिचं न मागता उतरून चाललंय. आपल्या नवऱ्याचा काटा बघायला ती हैदराबादपर्यंत येते, काट्यावर मी उभा आणि श्वास तिचा अडकलेला. हे मी बघितलंय. बघून परत गाड्यापाशी गेलोय.

एक गोष्ट परवापासून टोचतेय. सांगतो आणि संपवतो, आता तिची वेळ होत आलीय.

तुम्ही मला विचारलंत आणि मी हाव म्हणालो. ते हाव मी तुम्हाला म्हणालो होतो मामी. तुमच्या हातात वाटी होती आणि तुम्ही वाढताना मी आयुष्यात कधी नाही म्हणालो नव्हतो. तुम्ही गेलात. ज्यांना शब्द दिला त्याच गेल्या. वंदीनं मला कधी विचारलंच नाही, तोंड उघडून मागेल अशी बाई ती नाही. आणि मीही तिला कधी म्हणालो नाही. स्वयंपाकघरात उभं राहून तिनं ते भिंतीआडून ऐकलं, तेवढंच. आजवर तिच्यासमोर बसून, तिच्याकडं बघून मी म्हणालेलोच नाही, की मी तुला देणार आहे.

म्हणून आज तुम्हाला कबूल करतो. ती आता बाहेर येईल, थकलेली असेल, हाताला पट्टी असेल. आधी तिला बसवीन. मग सांगीन, वंदना, मी भ्यालोय, तू म्हणालीस ते खरं आहे. आणि भीत भीत का होईना, मी तुला देणार आहे. तुझ्या आईनं विचारलं म्हणून नाही. जेवढं तू वाढशील तेवढंच खाईन, चाललो तरी तेवढंच आणि नाही चाललो तरी तेवढंच. पुढच्या आठवड्यात हैदराबादच्या काट्यावर जे दिसेल ते दोघं मिळून बघू. हे सगळं सांगताना मी रडलो तर रडलो, इथं बाकड्यावर सगळेच रडतात.

सिस्टर हाक मारून राहिल्यात, "वंदनाताईंचं कोण आहे?"

मी आहे, मामी. जातो.

तुमचाच जावई,
गोविंद